रिकामे किलोमीटर

यार्ड मॅनेजरला ड्रायव्हरांनी गोडबोल्या हे नाव ठेवलं होतं आणि ते त्यानं मेहनतीनं कमावलेलं होतं. कुठलीही वाईट बातमी तो साखरेत घोळवून हातावर ठेवायचा. रजा नाकारायची असली की आधी खुर्ची पुढे करायचा. म्हणूनच आज खुर्ची पुढे आली तेव्हा थर्मास उभाच राहिला.

थर्मासचं लायसन्सवर दुसरं एक चांगलं नाव होतं. पण एकोणीस वर्षं लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवताना काखेतला स्टीलचा थर्मास त्यानं कधी सोडला नाही, आणि खरं नाव आता बायको आणि लायसन्स यांच्याशिवाय कुणाला आठवत नव्हतं.

"बसा शेठ," गोडबोल्या म्हणाला. "आता शेठच म्हणायचं तुम्हाला."

"सही कुठे केलीय अजून?"

"कराल हो. तुमच्यासारखा ड्रायव्हर नाही करणार तर कोण करणार?"

टेबलावर चौदा पानांचा करार पडला होता. गाडी कंपनीची, पण भाड्यानं थर्मासकडे. दर शुक्रवारी हप्ता द्यायचा, डिझेल-टायर-दुरुस्ती सगळं आपलं, आणि पाच वर्षांनी गाडी आपल्या नावावर. खिडकीतून ती दिसत होती. निळी, धुतलेली, टायरना काळं पॉलिश लावून उभी केलेली. लग्नाच्या बाजारात उभी करतात तशी, थर्मासच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचाच राग आला, कारण गाडी आवडली होती.

पण गाडीसाठी तो आलाच नव्हता. तो आला होता बावीस तारखेसाठी.

बावीस तारखेला बायकोचं ऑपरेशन होतं. गर्भाची पिशवी काढायची होती. त्यानं आठ दिवसांची रजा मागितली. गोडबोल्यानं खुर्ची दिली आणि रजा नाकारली. पुन्हा मागितली, पुन्हा खुर्ची. त्या दुसऱ्या खेपेला गोडबोल्यानं पुढे झुकून, अगदी घरच्या माणसासारखं सांगितलं होतं, "पगारी ड्रायव्हर रजा मागतो. स्वतःची गाडी असलेला फक्त कळवतो." ते वाक्य तीन दिवस थर्मासच्या डोक्यात घुमत होतं. मुलीच्या जन्माच्या वेळी तो कुठल्यातरी गोदामाच्या फाटकावर रांगेत सतरावा होता. वडील गेले तेव्हा निरोप मिळाला तोच दोन दिवस उशिरा. आता मागायचं नाही, कळवायचं. एवढ्या एका शब्दासाठी तो पाच वर्षं बांधून घ्यायला तयार झाला होता.

हिशेब त्यानं केला होता, पण आपल्या पद्धतीनं. ड्रायव्हरला पैशात मोजता येत नाही, त्याला किलोमीटरमध्येच कळतं. आठवड्याला तो छत्तीसशे किलोमीटर चालवायचा. डिझेल वजा करून हप्ता फेडायला अठराशे लागत होते. म्हणजे निम्मे कंपनीचे, निम्मे आपले. काल फोनवर बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली होती, "म्हणजे बुधवारच्या संध्याकाळपर्यंत तुम्ही त्यांच्यासाठी चालवणार." त्याला ते लागलं होतं. आपण चांगली बातमी सांगावी आणि हिनं त्यात वार शोधावा!

"चारपर्यंत सांगा," गोडबोल्या म्हणाला. "नाहीतर बाहेर दोघं टपून बसलेत."

बाहेर कुणीही टपून बसलेलं नव्हतं. वजनकाट्यापलीकडे फक्त मालक होता, गाडीखाली निम्मा शिरलेला. मालक हे टोपणनाव. दोन वर्षांपूर्वी यार्डात सगळ्यात आधी त्यानं गाडी भाड्यानं घेतली, तेव्हा मित्रांनी कौतुकानं ठेवलं. आता तेच मित्र ते नाव हळू आवाजात घेत.

"घेतोयस म्हणे?" त्यानं खालूनच विचारलं.

"विचार चाललाय. निम्मे हप्त्याला, निम्मे आपल्याला, बसतंय गणित."

मालक सरपटत बाहेर आला आणि तेलकट हात पँटला पुसत त्याच्याकडे बघत राहिला.

"रिकामे किती?"

"काय रिकामे?"

"छत्तीसशेतले रिकामे किती, बाबा? माल टाकून परत येताना, पुढचा माल उचलायला जाताना. त्याचे पैसे कोण देणार तुला?"

एकोणीस वर्षांत हा प्रश्न थर्मासला कुणी विचारलाच नव्हता. कंपनी त्याला किलोमीटरवर पैसे द्यायची, भरलेली असो की रिकामी. उलट रिकाम्या गाडीचे किलोमीटर त्याला जास्त प्रिय होते, चढावर गाडी हलकी पळायची, रेडिओ नीट ऐकू यायचा. सुखाचे किलोमीटर म्हणायचा तो त्यांना. ते सुख कुणीतरी विकत घेऊन देत होतं, हे त्याच्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. माणूस हुशार असतो हो, पण जिथं दुसरा भरतो तिथं त्याची हुशारी झोपलेली असते.

तो तिथल्या जुन्या टायरवर बसला आणि गेल्या चार आठवड्यांच्या फेऱ्या बोटांवर मोजू लागला. आठवड्याला तेराशे किलोमीटर रिकामे निघाले. राहिले तेवीसशे. त्यातले अठराशे हप्त्याचे. उरलेल्या पाचशेंतून तेराशेंचं डिझेल काढायचं, टायर काढायचे, आणि शीतगृहाच्या दारात अकरा-अकरा तास उभं राहायचं तेही स्वतःच्या खर्चानं.

"गोडबोल्यानं सांगितलं नाही हे," तो म्हणाला.

"तू विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. राग गोडबोल्याचा यायला हवा होता, आला स्वतःचा.

"पण घरी तर जाता येतं ना पाहिजे तेव्हा?" त्यानं जवळजवळ गयावया करत विचारलं. "रजा मागावी लागत नाही ना?"

"कुणाकडेच मागावी लागत नाही," मालक म्हणाला. "गाडी थांबते, हप्ता थांबत नाही. सात आठवडे झाले घरी जाऊन. पूर्वी साहेबाला शिव्या तरी घालता यायच्या. आता घालायच्या कुणाला?"

"मग परत कर ना गाडी."

"दोन वर्षं भरलेलं सगळं पाण्यात जाईल." एवढं बोलून तो पुन्हा गाडीखाली शिरला.

थर्मास ऑफिसात परतला. या वेळी खुर्ची दिसली तशी त्यानं स्वतःच ओढली आणि बसला.

"येताना भरलेली गाडी देणार असं लिहून द्या."

"अहो, देतोच की आपण. आपलीच माणसं."

"मग लिहा."

"करारात असं लिहिता येत नाही, शेठ. वरून छापून येतो."

"शेठ म्हणू नका मला." आवाज चढला तेव्हा शेजारच्या खोलीतली टायपिंगची खडखड थांबली. "बावीस तारखेला रजा पाहिजे. आठ दिवस. बायकोचं ऑपरेशन आहे. तिसऱ्यांदा मागतोय."

गोडबोल्याचा चेहरा खरोखरच दुःखी झाला. ही त्याची कला होती.

"एकोणीसला तुमचा उत्तरेचा लोड लागलाय. सहा दिवस जायचे, सहा यायचे. दुसरा माणूस नाही हो माझ्याकडे. सही केली असती तर मी कोण होतो तुम्हाला अडवणारा?"

म्हणजे सही केली तर जायला मोकळा, पण जाणं परवडणार नाही. आणि सही नाही केली तर परवडेल, पण सोडणार नाहीत. थर्मासला वाटलं, हा चौदा पानांचा गठ्ठा घ्यावा आणि त्या दुःखी चेहऱ्यावर फेकून मारावा. त्यानं तसं काही केलं नाही. एकोणीस वर्षांत त्यानं वेगमर्यादासुद्धा कधी मोडली नव्हती. करार उलटा करून टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बायकोला फोन लावला.

तिचं शिलाई मशीन मागे चालू होतं. थांबलं.

"गाडी नाही घेत मी," तो म्हणाला. "फसवाफसवी आहे सगळी. मीच मूर्ख, गणित चुकलं."

"बरं झालं," ती म्हणाली. तेवढंच.

"आणि रजाही नाही दिली."

"हो का." या "हो का"त ना आश्चर्य होतं ना राग, आणि त्याचाच त्याला त्रास झाला.

"अगं, तुला काहीच वाटत नाही का?"

"काय वाटायचंय आता? सकाळी हॉस्पिटलातून फॉर्म आणून भरून ठेवलाय, उद्या द्यायचाय. सोबत कोण थांबणार म्हणून रकाना होता, त्यात ताईचं नाव घातलंय. ती चार दिवस राहील. तुम्ही नका जीवाला लावून घेऊ, मी तुम्हाला धरलंच नव्हतं."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर त्याला उलटून भांडता आलं असतं. पण ती त्याची समजूत घालत होती. बावीस तारखेसाठी तो तीन दिवस जळत होता, पाच वर्षं विकायला निघाला होता, आणि तिथं त्याची कुणी वाटच बघत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याशिवाय जगायची सवय करून घेतली होती, तीही कुरकुर न करता. ट्रेलर मागे घेणाऱ्या कुणाचातरी भोंगा वाजत राहिला.

"ताईचं नाव खोड," तो म्हणाला. "माझं लिही."

"आणि तो लोड?"

"त्याचं मी बघतो."

"नोकरी जाईल अहो."

"तू लिही."

मशीनच्या खणातून काहीतरी शोधल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, आणि त्या आवाजात कितीतरी वर्षांनी थोडी थट्टा होती, थोडी भीती.

"पेनानं लिहू की पेन्सिलीनं?"

"पेनानं," थर्मास म्हणाला. "तू लिही, मी थांबतो." आणि फोन तसाच कानाला धरून तो गोडबोल्याच्या दाराकडे वळला.