चार आणे सूट

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा फायली गेल्या, टाइपरायटर गेले, साहेब गेले, आणि साहेबांच्या मागे कारकून गेले. शिंपी नीळकंठराव वरुडकरांना सरकारने बोलावलं नव्हतं. पण ज्यांच्या कमरांची मापं तोंडपाठ, ती सगळी माणसं एका थंडीत उठून गेल्यावर शिंप्याने मागे राहून टेपेने काय रस्ते मोजायचे? त्यांनी मशीन सुतळीने आवळलं, मनोरमाबाईंना सोबत घेतलं आणि भोपाळात जहांगिराबादेत एका खोलीचं दुकान थाटलं.

दुकान बरं चाललं. कारकून यायचे, पूर्ण शिलाई द्यायचे, नागपूरच्या संत्र्यांची आठवण काढून उसासे टाकायचे नि जायचे. नीळकंठरावांना एकच रुखरुख होती. जुन्या शहरातला एकही माणूस त्यांची पायरी चढत नव्हता. आपण भोपाळात आलो खरे, पण भोपाळने आपल्याला अजून घरात घेतलं नाही, असं त्यांना वाटे.

हे दुःख त्यांनी चुकून मेहुण्यासमोर बोलून दाखवलं. अच्युत एका छापखान्यात खिळे जुळवायचा, आणि त्याच्या डोक्यातून कल्पना अशा निघायच्या जशी पावसाळ्यात भिंतीतून मुंगळ्यांची रांग.

"भाऊजी, चिठ्ठ्या वाटा! चिठ्ठी आणणाऱ्याला रुपयामागे चार आणे कमी. गिऱ्हाईक धावत येतं की नाही बघा."

"अरे बाप्पा, धावत आलेलं गिऱ्हाईक धावतच जातं," मनोरमाबाई आतून म्हणाल्या. पण भाऊ त्यांचाच, त्यामुळे त्यांचं कुणी ऐकलं नाही.

चिठ्ठ्या छापून आल्या. अक्षरं मोठी दिसावीत म्हणून अच्युतने 'रुपयामागे' हा शब्द स्वतःच्या अकलेने उडवला होता. राहिलं ते एवढंच: 'चिठ्ठी आणा. चार आणे सूट.'

पहिल्यांदा कोण आलं? तेच कारकून! जे पूर्ण पैसे देणारच होते, ते आता चिठ्ठी नाचवत आले. विश्वासराव नावाच्या हेडक्लार्कांना एक पँट पुरत होती. त्यांनी स्वस्तात मिळतात म्हणून चार टाकल्या.

"चार कशाला हो? पाय तर दोनच," नीळकंठराव म्हणाले.

"सूट आहे ना!"

काम चौपट झालं, मिळकत घटली. नीळकंठराव इतक्या घाईने शिवू लागले की मशीनच्या वाऱ्याने समोरच्या चहावाल्याची शेगडी पेटती राहायची. घाईची शिवण ती घाईचीच. विश्वासराव साहेबांसमोर पडलेला टाक उचलायला वाकले आणि असा आवाज झाला की साहेबांनी खिडकी उघडून आभाळ पाहिलं. त्या दिवशी विश्वासराव घरापर्यंत भिंतीला पाठ लावून चालत गेले.

"नीळकंठराव, पंधरा वर्षांत तुमचा टाका निघाला नव्हता," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले.

एवढ्यात एक चिठ्ठी उडत उडत जुन्या शहरात पोचली. भोपाळात दुकानांपुढे दगडी पटिये असतात. संध्याकाळी लोक त्यांवर बसतात आणि गप्पा अशा रंगवतात की खरी बातमी लाजून घरी जाते. तिथे कुणीतरी ती नागरी अक्षरं मोठ्याने वाचली. मराठीत सूट म्हणजे पैशांत सवलत. भोपाळची हिंदी तिला छूट म्हणते. आणि सूट? सूट म्हणजे कोट-पतलून, तोही चार आण्यांत!

सकाळी नीळकंठरावांनी फळी उघडली तर बाहेर रांग. रांगेचं शेपूट तलावापर्यंत गेलं होतं, आणि शेवटचा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून पुढच्यांना ओरडत होता. खोटं वाटत असेल तर तलावाला विचारा, तो तिथंच आहे.

रांगेच्या तोंडाशी कल्लन पहिलवान. छाती एवढी, की तिच्यावर सकाळ झाली तरी पाठीवर अजून रात्र असायची. बगलेत सिकंदर नावाचा लाडका कोंबडा. पहिलवानाने चवन्नी ठणकन मशीनवर ठेवली आणि भोपाळी थाटात हाक घातली.

"को खाँ, ये रही चवन्नी. सूट नापो."

नीळकंठरावांनी चवन्नी परत सरकवली. "पहिलवानसाब, ये वो सूट नहीं है. आपका सूट तो... वो तो सूट. हमारी तो ती सूट. मतलब, हमारी सूट स्त्रीलिंगी है!"

"ज़नाना?" पहिलवानाने भुवया चढवल्या. मागे वळून तो गरजला, "खाँ, ज़नाना भी सी रहे हैं!"

रांगेत दुप्पट आनंद पसरला. काहीजण बायकांना आणायला पळाले.

अच्युत मशीनमागे लपला होता. तो कुजबुजला, "भाऊजी, छपाईची चूक झाली म्हणून सांगा. दुकान बंद करा."

नीळकंठरावांनी रांगेकडे पाहिलं. इतके दिवस ज्यांची वाट पाहिली ती माणसं दारात उभी होती. नाही म्हणावं, तर या शहरात आपण कायमचे लबाड. हो म्हणावं, तर संध्याकाळपर्यंत मशीनसुद्धा विकावं लागेल. ते म्हणाले, "छापलंय, ते आपल्या नावाने छापलंय." आणि टेप काढून पहिलवानाच्या छातीला लावली. टेप अर्ध्या वाटेतच संपली.

तेव्हा मनोरमाबाई बाहेर आल्या. त्यांनी पहिलवानाकडे पाहिलं, मग त्याच्या बगलेकडे.

"अहो, चिठ्ठीत सूट लिहिलाय. कुणाच्या मापाचा ते कुठे लिहिलंय?"

 नीळकंठरावांनी टेप पहिलवानाच्या छातीवरून काढली आणि सिकंदराच्या छातीला लावली.

त्या सकाळी त्यांनी घाई केली नाही. रांग खोळंबली, चहावाल्याचं दूध संपलं, पण नीळकंठराव कातरणातून निवांत कापत होते आणि नागपुरात शिवत तसं शिवत होते. छोटा कोट, पंखांना बाह्या, आत अस्तर, काळी पतलून, तिला शेपटीसाठी मागे ऐसपैस जागा, आणि मनोरमाबाईंच्या हातची मुगाच्या दाण्याएवढी काजं. सिकंदराला कपडे चढवून त्यांनी त्याला पायरीवर उभं केलं.

"पहिलवानसाब, चार आने का सूट. जबान पूरी."

 पहिलवानाच्या मिशा थरथरल्या. नीळकंठरावांनी एक हात मशीनवर ठेवला, जणू निरोप घेत होते.

सिकंदराने स्वतःकडे खाली पाहिलं. एक पाय उचलला, दुसरा उचलला, आणि एखादा नवा डेप्युटी सेक्रेटरी व्हरांड्यातून जावा तसा तो पायरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मग मान ताणून आरवला. एकही टाका उसवला नाही.

पहिलवान हसू लागला. ते हसू तलावापर्यंत गेलं आणि पाण्यातला माणूस त्या लाटेने काठावर आला.

"अमाँ, क्या सिलाई है!" पहिलवानाने कोंबड्याला उचलून अस्तर उलटंपालटं करून पाहिलं. "जो मुर्ग़े को ऐसा सीता है, वो आदमी को कैसा सिएगा! ईद की शेरवानी तुम सियोगे. और सुनो, पूरे दाम. जल्दी नहीं है."

रांग हसत हसत पांगली. दोघंतिघं नंतर बकऱ्या घेऊन आले, पण मनोरमाबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

नीळकंठरावांनी उरलेल्या चिठ्ठ्या शेगडीत घातल्या. विश्वासरावांच्या चारही पँटी त्यांनी फुकट उसवून पुन्हा शिवल्या.

"म्हणजे आता सूट बंद?" विश्वासरावांनी विचारलं.

"बंद. शिवण चालू."

अच्युत मात्र अच्युतच. त्याने कोपऱ्यात बसून एक झकास पाटी रंगवली आणि कुणाला न विचारता दारावर ठोकली: 'येथे सूट मिळत नाही.'

एका संध्याकाळी कल्लन पहिलवान शेरवानीचं माप द्यायला आला. पाटी कुणाकडून तरी वाचून घेऊन पायरीवरच थबकला.

"को खाँ, सूट सीना ही छोड़ दिया?"

नीळकंठरावांनी पाटीकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं. मग दोन टेपा एकीला एक गाठ मारून जोडल्या आणि म्हणाले, "आइए, बैठिए. आज शेरवानी का दिन है."