बोल्टखालचा लाल रंग

मित्रांनो, तुमचा चेंडू माझ्या पुढच्या चाकामागे अडकला आहे. घ्या खुशाल. पण ताडपत्री उचललीच आहे, तर घाईने खाली टाकू नका. फार दिवसांनी उजेड दिसतो आहे, आणि ऐकायला माणसंही मिळाली आहेत.

मी दोन दारांची, दोनच माणसांना पोटात घेणारी स्पोर्ट्‌स कार. मूळची लाल, आता धुळीचा जो रंग असतो तो माझा. माझे पुढचे दिवे बॉनेटमध्ये दडलेले असायचे आणि बटण दाबलं की पापण्यांसारखे उघडायचे. पुढे डावा उघडेनासा झाला. तेव्हापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला डोळा मारते असा बोभाटा झाला. मीही तो खोडून काढला नाही.

तरुणपणीचा माझा वेग काय सांगू? वळण घेतलं की मी पुढे निघून जायचे आणि माझी सावली मागून धापा टाकत यायची. एकदा तर तिला आणायला मागे फिरावं लागलं. पावसात टप उघडा ठेवला तरी आतली गादी कोरडी, कारण दोन थेंबांच्या मधून कसं निसटायचं ते मला ठाऊक होतं. हसू नका. खोटं वाटत असेल तर यातलं अर्धं सोडून द्या. पण यापुढे जे सांगणार आहे त्यातलं काही सोडू नका. त्यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही. घालावंसं वाटलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथेच मला बोलायला शिकवलं. गाडीला तोंड नसतं. डॅशबोर्डवरचे छोटे दिवे हीच तिची जीभ. अंगभर सेन्सर बसवलेले असतात. एक पाणी किती तापलं ते बघतो, एक तेलाचा दाब बघतो, एक चाकाच्या फिरण्यावर लक्ष ठेवतो. त्यांनी निरोप आणायचा आणि मी दिवा लावायचा. दिवा कशासाठी लागला हे मला विचारायचीही रीत होती. बॉनेटखालच्या एका डबीत वाकवलेली तार घातली की दिवा लुकलुकायला लागायचा. किती वेळा लुकलुकला ते मोजायचं, की दुखणं कळायचं. अशी पुष्कळ वाक्यं मला येत होती. पाण्याचा सेन्सर बिघडला, चाकाचा सेन्सर बोलत नाही, वगैरे. एक वाक्य मात्र कारखान्याने शिकवलंच नव्हतं. ते कोणतं, ते ओघात येईलच.

पहिल्या मालकाची हौस लवकर फिटली. त्याने मला एका सुताराच्या वखारीमागे उभं केलं. चिमण्यांनी माझ्या एअर फिल्टरमध्ये संसार थाटला. तिथून मला बाहेर काढलं ते या शेडपुढच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी. दातांचे डॉक्टर. मला बघताच त्यांनी माझं बॉनेट असं उघडलं, जसं एखाद्याला "आ करा" म्हणावं.

डॉक्टरांची थोरली बहीण म्हणजे ताई. ताईचे यजमान म्हणजे भाऊजी. भाऊजींचं घर आणि गॅरेज दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. डॉक्टर शाळेत होते तेव्हा ताईचं लग्न झालं, आणि त्यांना स्टीअरिंग धरायला शिकवलं ते भाऊजींनीच. माझ्या निमित्ताने दोघांचे रविवार एकत्र जायला लागले. एक जण पाना मागायचा, दुसरा विनोद सांगत भलताच पाना द्यायचा. मला पुन्हा उभी करायला किती रविवार लागले ते मी मोजले नाहीत. त्यांनीही नाही. खरं सांगायचं तर काम संपू नये असंच दोघांना वाटत होतं.

ताई मला सवत म्हणायची. दुपार झाली की शेडच्या दारात येऊन उभी राहायची.

"माझी सवत झोपली असेल, तर जेवायला चला."

"अगं, आत्ता कुठे तिने श्वास घेतलाय," भाऊजी बॉनेटखालून म्हणायचे.

"घेतलान्‌ तो सगळ्या गल्लीने ऐकला. शेजारच्या आजी खिडक्या लावून बसल्यात."

मी धावायला लागले तेव्हा एक अडचण झाली. माणसं तीन आणि जागा दोन. प्रत्येक फेरीला कुणी तरी एकाने फाटकाशी उभं राहून हात हलवायचा. बहुतेक वेळा ती ताई असायची. "तुम्ही दोघं फिरून या. मला कधी तरी दीपगृहापर्यंत नेलंस म्हणजे झालं," ती भावाला म्हणायची. समुद्राकडच्या रस्त्याच्या टोकाला दीपगृह होतं. लहानपणी त्यांचे वडील दोघांना सायकलवर बसवून तिथे न्यायचे.

आता त्या बोल्टाची गोष्ट. बॅटरीतून निघालेली वीज काम करून परत यायला एक वाट लागते. ती वाट म्हणजे अर्थिंगची तार, जाड, विणलेली. इंजिनाकडून येऊन ती माझ्या अंगाच्या पत्र्याला बोल्टने घट्ट बसवतात. भाऊजींनी ती बसवली तेव्हा तिथला रंग मुद्दाम खरवडून पत्रा उघडा केला. "इथे सगळं नागडं हवं. विजेला कपडे चालत नाहीत," असं ते स्वतःशीच म्हणाले. डॉक्टर तेव्हा दवाखान्यात कुणाची तरी दाढ काढत होते. त्यांनी ते ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त मी.

पुढे जुन्या गाड्यांचा मेळावा ठरला. आदल्या दिवशी डॉक्टर एकटेच माझं इंजिन पुसत होते. पुसता पुसता त्यांना त्या बोल्टाभोवती काळपट डाग दिसला. दुसऱ्या कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण ज्याचा जन्म किडलेले दात बघण्यात गेला, त्याला काळा डाग कसा सोसवेल? त्यांनी दवाखान्यातून आपलं बारीक हत्यार आणलं. बोल्ट सोडवला, डाग कोरून काढला, खळगा लुकणाने भरला, घासून गुळगुळीत केला, वर लाल रंगाचे दोन हात दिले. बोल्टाच्या दांड्यालाही रंग फासला, गंज नको म्हणून. रंग वाळल्यावर तार होती तशी बसवली आणि बोल्ट आवळला. किती मायेने! त्या मायेला मी काय बोलणार?

मेळाव्यात मला कप मिळाला. परीक्षक माझ्या इंजिनावर वाकून म्हणाले, "इथे तर जेवण वाढावं." डॉक्टरांनी भाऊजींना मिठी मारली. भाऊजींनी कप ताईच्या हातात दिला. तो दिवस मला फार आवडतो, म्हणून पुढचं सांगायला उशीर करते आहे.

रंगातून वीज जात नाही, त्यामुळे तिची हमरस्त्याची वाट बंद झाली होती. मग ती मिळेल त्या बोळाने घरी यायला लागली. कधी क्लचच्या केबलमधून, कधी एखाद्या बारीक तारेतून. सेन्सरांचे निरोप वाटेतच बिघडायला लागले. थंड पाणी उकळतंय म्हणून कळायचं, फिरणारं चाक उभं आहे म्हणून कळायचं. मी दिवे लावायचे. लावायलाच हवे होते.

भाऊजींनी वाकवलेली तार घातली आणि लुकलुक मोजली. 'पाण्याचा सेन्सर.' बदलला. दिवा पुन्हा लागला. 'चाकाचा सेन्सर.' तोही बदलला. मग तेलाचा, मग हवेचा. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने लुकलुकत होते. पण 'सेन्सर सगळे चांगले आहेत, माझी जमीन, म्हणजे अर्थिंग, सुटली आहे' हे वाक्य मला शिकवलेलंच नव्हतं. ज्या शब्दांत बोलता येत होतं त्या शब्दांत मी बोलत राहिले, आणि ते ऐकून दोघं चुकत राहिले.

एकदा ताई माझ्यात बसून दिव्यांच्या बटणाशी चाळा करत होती. "गंमत बघा," ती म्हणाली. "पुढचे दिवे लावले की पाण्याचा काटा वर चढतो. विझवले की खाली. इंजिन तर गार आहे."

भाऊजी चमकले. "अर्थिंगच्या तारेला हात लावला होतास का रे?"

"तारेला? नाही बुवा," डॉक्टर म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्या लेखी त्यांनी तारेला काहीच केलं नव्हतं, जागा तेवढी स्वच्छ केली होती. दाढ भरली म्हणजे काय जबड्याला हात लावला?

भाऊजींनी बोल्टावर पाना ठेवून जोर दिला. घट्ट होता. वरून आरशासारखा चमकत होता. "ही तर मी स्वतः बसवली आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी बोल्ट सोडवून खाली बघितलं नाही.

बस्स. एवढ्याशा जागेत माझं आयुष्य फिरलं.

शेवटी एका रविवारी डॉक्टरांचा तोल गेला. "भाऊजी, रागावू नका, पण तुम्ही अंदाजाने दात उपटताय. एक काढला, दुसरा काढला, दुखतंय तिसरंच."

भाऊजींनी हात पुसले. सावकाश, एकेक बोट. "मग डॉक्टर, तुम्हीच बघा तोंड उघडून," ते म्हणाले. मेहुण्याला त्यांनी 'तुम्ही' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. हत्यारांची पेटी उचलून ते निघाले. दारात ताई उभी होती. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग ती नवऱ्यामागून निघून गेली.

पुढचा रविवार सुना गेला. डॉक्टर माझ्यात येऊन बसले. दिवे लागलेलेच होते. त्यांनी दवाखान्यातून जखमेवर लावायची चिकटपट्टी आणली आणि माझ्या दिव्यांवर चिकटवली. वर हलकेच थोपटलंही. "आता कसं शांत वाटतं," ते म्हणाले.

मग बहिणीचा रुसवा काढायला ते तिला दीपगृहाकडे घेऊन निघाले. ताई कधीची वाट बघत होती, पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर हौस नव्हती. "ते पण यायला हवे होते," ती म्हणाली. "बसवणार कुठे होतो तायडे, टपावर?" डॉक्टरांनी हसवायचा प्रयत्न केला. ती हसली नाही.

चढावर माझी पाण्याची नळी फाटली. या वेळी खरोखरच. कूलंट मिसळलेलं पाणी तापल्या इंजिनावर सांडायला लागलं. पाण्याच्या सेन्सरने या वेळी खरा निरोप आणला, आणि मी होता नव्हता तो जीव एकवटून दिवा लावला. चिकटपट्टीखाली.

"कसला तरी गोडसर वास येतोय," ताई म्हणाली.

"जुनी गाडी आहे. वास यायचेच."

"काटा पार वर गेलाय रे."

"तो तर रोजच जातो."

दीपगृह दिसायला लागलं, आणि त्याच वळणावर माझं इंजिन आतल्या आत चिकटलं. बॉनेटमधून वाफ निघाली. डॉक्टर आणि ताई रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ताईनेच भाऊजींना फोन केला.

भाऊजी ओढायची गाडी घेऊन आले. रागावले नाहीत. मला शेडमध्ये आणल्यावर आत डोकावून त्यांनी चिकटपट्टीचं टोक नखाने धरलं आणि ओढलं. खाली दिवा अजून जळत होता. "ही तर सांगत होती," एवढंच ते म्हणाले.

काही वाचतंय का ते बघायला इंजिन सुटं करायचं होतं, म्हणून त्यांनी आधी अर्थिंगचा बोल्ट सोडवला. डॉक्टर तेव्हा ताईला पाणी आणायला आत गेले होते. तार बाजूला झाली आणि तिच्याखाली लाल, गुळगुळीत, सुंदर रंग दिसला. भाऊजींनी त्यावर नख फिरवलं. रंगाचा छोटासा टवका त्यांच्या बोटावर आला. मग त्यांनी तार परत जागेवर ठेवली आणि बोल्ट आवळला.

डॉक्टर पाण्याचा तांब्या घेऊन आले. "काय झालं असेल हो?" त्यांनी विचारलं.

"वय झालं तिचं," भाऊजी म्हणाले. "आता उघडण्यात अर्थ नाही."

ते का बोलले नाहीत, यावर मी या शेडमध्ये पुष्कळ विचार केला आहे. मेहुण्याला वाचवलं, की न बघता पाना आवळणाऱ्या स्वतःच्या हाताला? मला ठरवता आलेलं नाही. डॉक्टरांनी मात्र त्या गप्प बसण्याचा अर्थ असा लावला की आपण दात उपटण्याचं बोललो ते भाऊजी विसरणार नाहीत. रविवार परत आले नाहीत. ताई दोन्ही घरी जाते-येते, इकडचं तिकडे सांगत नाही, तिकडचं इकडे सांगत नाही. दीपगृहाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मागे एकदा ती भाऊजींना घेऊन आली होती. ते आता काठी टेकत चालतात. डॉक्टरांना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं, फडक्याने तोच बोल्ट पुसला आणि कौतुकाने म्हणाले, "बघा भाऊजी, बाकी सगळं गेलं, पण हा तुमचा बोल्ट मी अजून नवा ठेवलाय."

भाऊजी वाकून बघत राहिले. मला वाटलं, आता बोलतील.

"छान ठेवलाय हो तुम्ही," ते म्हणाले.

मला दिवा लावायचा होता, मित्रांनो. कोणताही चालला असता. पण बॅटरी कधीच संपली होती.

तुमच्या घरी गाडी असेल आणि तिचा दिवा लागला, तर तिच्यावर चिडू नका. तिला तोडकंमोडकंच बोलता येतं, पण ती उगाच बोलत नाही. तिचा दिवा झाकू नका. कुणी विचारलं, तर आपण हात कुठे लावला ते सांगून टाका, कितीही किरकोळ वाटो. आणि स्वतः आवळलेला बोल्ट असला, तरी एकदा सोडवून खाली बघा.

चेंडू घेतलात? मग जाता जाता माझं एक काम करा. डॉक्टर आता दवाखाना बंद करून इकडे येतील. तेव्हा पळून जाऊ नका. त्यांच्याकडे पाना मागा, त्या चकचकीत बोल्टावर बोट ठेवा आणि लहान मुलं विचारतात तसं विचारा, "आजोबा, याच्याखाली रंग कशाला लावलाय?" एवढंच. उत्तर देता देता तारेबद्दलचा भाऊजींचा जुना प्रश्न त्यांना आठवेल, आणि त्यांचं त्यांनाच कळेल. भाऊजींचं घर मागच्याच गल्लीत आहे. तिथवर जायला त्यांना गाडी लागणार नाही.