बोकड बँडमास्तरची सही

बँडमास्तरच्या कोटाला पाच बटणं आहेत आणि त्यांतल्या तिसऱ्या बटणाचा पिवळा रंग बाकीच्या चारांपेक्षा किंचित गडद आहे. दिव्यासमोर धरलं तरच ते कळतं. रंगाचा थर तिथे जाड बसला असेल, किंवा तेवढ्यासाठी दुसरी वाटी उघडली असेल.

हा बँडमास्तर म्हणजे एक बोकड. जुन्या काळी कार्टूनमधली प्रत्येक हालचाल वेगळ्या पारदर्शक फिल्मवर हातानं उतरवत: पुढून शाईची रेघ, मागून रंग. संग्राहक अशा फिल्मला सेल म्हणतात. माझ्या मामाकडे असे पुष्कळ सेल आहेत आणि बहुतेकांवर त्या काळच्या चित्रकारांच्या सह्या आहेत. बोकडावर मात्र सही नव्हती. त्याला रंगवणाऱ्या बायकांपैकी एकच आजी आता हयात होत्या, आणि त्या आज रंगसाहित्याच्या दुकानाच्या माडीवर बसून सह्या करणार होत्या.

मामा कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात हातात घेऊन शांत बसणारा माणूस. पण जिन्यावरच्या रांगेत आज त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. दर मिनिटाला तो पुठ्ठ्यांच्या मधे जपून ठेवलेला सेल छातीशी धरून पाहायचा, जणू आतला बोकड उडी मारून पळेल.

"आमच्या लग्नात एवढे नटले नव्हते हे," मामी मला म्हणाली. "आणि एवढ्या वेळेवरही आले नव्हते."

"तिथे सही माझीच होती," मामा म्हणाला. "ती कुठे पळून जाणार होती?"

आमच्या मागे फ्रेमवाले उभे होते. मामाच्या सगळ्या फ्रेमा त्यांनीच केल्या होत्या आणि आता सगळा संग्रह एकगठ्ठा विकत घ्यायला ते तयार होते. मामा-मामी लवकरच लहान घरात जाणार होते. तिथे मुळात भिंतीच कमी. म्हणजे संग्रह एक तर फ्रेमवाल्यांकडे जाणार, नाहीतर माझ्याकडे. ते विचारलं की मामाचं ठरलेलं उत्तर: "बघू." यांच्या 'बघू'ला आता दाढीमिशा फुटल्या, असं मामी म्हणायची. भाचीच्या गळ्यात ही धोंड कशाला, असं तो तिच्याजवळ बोलला होता म्हणे. मला थेट कधी विचारलं नाही. मीही मागितलं नाही. लहानपणापासून जी वस्तू आपली वाटत आलेली असते, ती मागताना जीभ रेटत नाही.

"एक लक्षात ठेवा, साहेब," फ्रेमवाले पुढे वाकून म्हणाले. "नुसती सही घ्यायची. 'अमक्याला सप्रेम' वगैरे नको. नाव पडलं की माल मेला. दुसऱ्याच्या नावाचं चित्र आपल्या भिंतीवर कोण लावतो?"

"एकाचं नाव लागलं की संपलं तर," मामी म्हणाली. "चित्राचीही सोयरीक मोडते."

मी पिशवीतलं पेन चाचपलं. मी प्रयोगशाळेत रंग तपासते, म्हणून पेनाचं काम माझ्याकडे आलं होतं. कोऱ्या फिल्मच्या तुकड्यांवर वेगवेगळी पेनं चालवून पाहिली होती. एकानं रेघ फाटली, एकानं फिल्म चिकट झाली. हे तेवढं जमलं होतं.

रांग सरकली आणि आम्ही एकदम टेबलापाशीच आलो. आजी अंगानं बारीक होत्या, पण मनगटं भक्कम. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मामानं वरचा पुठ्ठा बाजूला केला. आजींनी कडांना धरून सेल अलगद उचलला आणि सरळ उलटा केला.

"अहो! अहो आजी!" फ्रेमवाले ओरडले. मामीनं माझा दंड पकडला. मामानं दोन्ही हात सेलखाली धरले.

"ओरडता कशाला?" आजी म्हणाल्या. "तोंड तुम्ही बघता याचं. मी जन्मभर पाठच बघितली. तोंडावरून मला ओळखू येत नाही तो." त्यांनी चष्मा वर सरकवला. त्यांचं बोट रंगापासून जरा वर, न टेकता फिरत होतं. "हां. कोट माझा. शिंगं माझ्या शेजारणीची. फार पाणी घालायची ती. फिकी दिसतायत, बघा."

मामा हसायला लागला. त्याला ते आवरेना. मलाही आवरेना. तिसऱ्या बटणाचं विचारायचं असं मी घरून ठरवून आले होते. ते डोक्यातून साफ उडालं.

आजींनी सेल नाकाशी नेला आणि चक्क वास घेतला.

"आंबट वास नाही," त्या म्हणाल्या. "फिल्म सडली की आंबते. हा वाकलाही नाहीये. माझ्याकडचे सगळे पापडासारखे झाले. कुणी जपला हा?"

"हिनं," मामा म्हणाला. मग जरा थांबून, आजींकडे पाहत, पण बहुधा मलाच ऐकू जावं म्हणून बोलल्यासारखा, "मी हौसेनं खिडकीसमोर टांगला होता. ही तेव्हा शाळेत होती. म्हणाली, मामा, बोकडाला ऊन लागतंय. मी म्हटलं, बघू. तर हिनं स्टूल ओढलं आणि स्वतःच उतरवला."

हे त्याच्या लक्षात असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आजींनी सेल सुलटा केला. उजव्या कोपऱ्यात, बोकडाच्या हातातल्या काठीच्या खाली, थोडी मोकळी जागा होती. मी पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

"कुणाच्या नावानं लिहू?"

"नाव नको," फ्रेमवाले मागून घाईनं म्हणाले. "नुसती सही, आजी. खाली. छोटी."

"तुम्हाला विचारलं नाही मी. यांना विचारलंय."

मामानं बोकडाकडे पाहिलं, मग फ्रेमवाल्यांकडे. त्याचे ओठ 'ब'साठी मिटले, हे मी स्पष्ट पाहिलं.

"आता 'बघू' म्हणालात तर बघा," मामी म्हणाली.

पेन हवेत थांबलं होतं. मामानं घसा साफ केला आणि जिन्यावरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"नाव घाला. माझ्या भाचीचं. हा तिचा, आणि घरी आहेत तेही सगळे तिचेच."