खिंडीतल्या पट्ट्या

जपानात शोवा सम्राटाच्या कारकिर्दीचं एकतिसावं साल होतं. शिरानुपूच्या रेल्वे लाइनीवर एप्रिल सरत आला तरी खिंडीतला बर्फ काळा पडून तसाच बसला होता. रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम उसामी, त्याच्या डोक्यात मात्र वसंत आला होता.

हिवाळ्यात तिथली जमीन गोठून फुगते आणि रूळ वर उचलते. मग फुगवट्याच्या दोन्ही अंगांना, रूळ आणि त्याखालचे स्लीपर यांच्यामध्ये लाकडी पट्ट्या घालून, गाडी घसरू नये असा चढउतार जुळवायचा. जमीन खाली बसेल तशी जाड पट्टी काढून पातळ घालायची, आणि शेवटी तीही काढायची. ज्या टोळीची शेवटची पट्टी आधी निघेल तिचा तोरा मोठा. निघालेल्या पट्ट्या जाळून त्यांवर हेरिंग माशाचं कालवण शिजवायचं, तांदळाची दारू, साके, प्यायची आणि शेजारच्या टोळीला खिजवणारा निरोप धाडायचा. एवढ्यासाठी मिशीवाले बाप्ये पोरांसारखे हटून बसत.

त्या वर्षी शेजारच्या टोळीचा निरोप आधी आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी उसामीने खिंडीतल्याही पट्ट्या उपटायला लावल्या आणि भारा टोळीतल्या गिन्झो कुमागाईच्या दारात टाकला. कालवण दरसाल त्याची बायको कियोएच करायची.

"खिंडीतल्या काढल्यात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हं." गिन्झो बूट सोडत होता.

"खालची जमीन सुटलीय का?"

बुटाची नाडी फारच अवघड झाली असावी. "नाही अजून. पहार दगडावर आपटल्यागत वाजते."

"मग बोलला नाहीत?"

"मुकादम म्हणाले, काढा."

"अहो, नोबुए दुपारच्या गाडीने येतेय! पोटची पोर!"

"तिथं गाडी जरा हळूच असते," तो बुटाला म्हणाला.

कियोएला उसामीचा राग आला नाही. तो आरवणारा कोंबडा. कोंबड्यावर कोण रागावतं? पण या माणसाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो चहाची वाट बघत बसला होता. अशा बाहुल्याशेजारी आपण इतकी वर्षं अंथरूण घातलं, याची तिला शिसारी आली.

तिने भारा पाठीला बांधला आणि खिंड गाठली. टोळी चहा पीत होती.

"वहिनी, कालवण झालं?" उसामी ओरडला. "की सरपण ओलं निघालं?"

"पट्ट्या परत घाला."

"ऐका रे! कुमागाईच्या घरी मुकादम कोण, ते आज कळलं!" सगळे खिदळले. गिन्झो तिच्या मागोमाग येऊन उभा होता. उसामीच पुढे म्हणाला, "नवऱ्यालाच विचारा ना. काय रे कुमागाई, रूळ सपाट आहे की नाही?"

गिन्झोने रुळाकडे पाहिलं, मग मुकादमाकडे. "सपाट आहे," तो म्हणाला.

कियोएने भारा खाली टाकला, रुळावर बसली आणि हात बाह्यांत घातले.

"उठा, वहिनी."

"पट्ट्या बसल्या की उठते."

"गाडी थांबवावी लागेल!"

"थांबवा. आणि का थांबवली ते वर कळवा."

उसामीचा चेहरा पडला. "कुमागाई, उचल तुझी बायको!"

गिन्झोच्याने तेही झालं नाही.

"घाला रे, बाईची हौस पुरवा," उसामी शेवटी म्हणाला. पट्ट्या बसल्या, खिळे ठोकले गेले. सगळ्यांत सुबक हात गिन्झोचा चालला. हुकूम मिळाला की तो फार छान काम करायचा. गाडी आली, गेली. पट्ट्या नसत्या तर काय झालं असतं, ते कुणालाच कळलं नाही. कालवण कोळशावर शिजलं, आणि 'आमच्याही निघाल्या' असा निरोप उसामीने त्याच संध्याकाळी शेजारी धाडला.

पुढे उसामी चांदीचा पेला घेऊन निवृत्त झाला आणि येईल त्या पाहुण्याला तो दाखवत म्हातारा झाला. नोबुए लग्न होऊन गवळ्याच्या घरी गेली. खिंडीची गोष्ट तिला कुणी सांगितली नाही. लाइन बंद झाली, रूळ उपटून नेले, खिंडीत आता गवत आहे. गिन्झो म्हातारपणाने गेला. तोवर कियोएने त्याला रोज गरम भात वाढला, त्याचे कपडे धुतले. फक्त त्या दिवसानंतर तिने त्याला एकही गोष्ट विचारली नाही. बाहेर बर्फ पडतोय का, हेसुद्धा ती स्वतः दार उघडून बघायची.