रानडुकराचा सुळा

दाताच्या डॉक्टरीणबाईंना एकच नाद होता: जुन्या दौती, त्याही प्राण्यांच्या. मान मागे केली की पोटातली शाई दिसणारं अस्वल, पाठीवर झाकण असलेलं कासव, डोकं उघडणारं घुबड, अशा बेचाळीस दौती कपाटात दाटीवाटीने बसल्या होत्या. "दिवसभर दात, संध्याकाळी दौत. मधल्या वेळात मी," असं त्यांचे यजमान येईल त्याला सांगत.

पण बाईंचा जीव अडकला होता त्रेचाळिसाव्या दौतीत. पलीकडच्या गल्लीतल्या जुन्या सामानाच्या दुकानदाराकडे एक पितळी रानडुक्कर होतं. डावा सुळा तुटलेला, पण ऐट काय विचारता! सहा वर्षं बाई मागत होत्या आणि सहा वर्षं दुकानदार नाही म्हणत होता.

"आईने सगळी पत्रं याच्यातल्या शाईने लिहिली. दुकान न्या, डुक्कर मागू नका."

एके सकाळी तोच दुकानदार गाल धरून दवाखान्यात आला. दाढ ठणकत होती, पण खुर्ची बघूनच त्याला घाम फुटला.

"दुखेल का हो?"

"सुळा तुटला तेव्हा तुमच्या डुकराने एवढी कुरकुर केली होती का?"

त्याला हसू फुटलं, तोंड उघडलं आणि बाईंनी तेवढ्यात सुई टोचली.

दाढ निघाली. जाताना तो दारात घुटमळला. "माणसांचे दात बसवता, तसा त्याचा सुळा बसवाल?"

आठ दिवस रानडुक्कर बाईंच्या टेबलावर होतं. शाबूत सुळा बघून त्यांनी मेणाचा जोडीदार कोरला, मनासारखा जमेना म्हणून दोनदा मोडला, मग पितळेत ओतून घेतला. आत तळाशी वाळलेल्या शाईची निळी खपली होती. तिला मात्र त्यांनी हात लावला नाही.

"अजून वाळला नाही म्हणून सांग आणि ठेवून घे," यजमान म्हणाले.

"पितळ वाळतं होय?"

बाईंनी डुक्कर दुकानात नेऊन दिलं, तेव्हा दुकानदाराने नव्या सुळ्यावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले. "माझ्यामागे हे तुमचं. लिहून देतो."

"अहो, मी तुमच्याहून पाच वर्षांनी मोठी आहे!"

दोघंही खळखळून हसली. चहा झाला, बाई घरी आल्या.

"हात हलवत आलीस?" यजमानांनी विचारलं.

"आले की," बाई चपला काढत म्हणाल्या. "पण डावा सुळा माझा आहे."