दारात न मावलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना समुद्र आहे. हसू नका. पाण्याचा नव्हे, प्लायवूडचा. थरावर थर चिकटवून माझा तळ केला, वर प्लास्टर लिंपले आणि किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत निळा रंग गडद करत नेला. माझ्यात आजवर कुणी बुडालेले नाही. चहा तेवढा सांडला.

माझा जन्म एका कचेरीच्या मोठ्या दालनात झाला. कुठले जंगल राखायचे, कुठला पडका किल्ला जपायचा, समुद्राचा कुठला भाग मोकळा ठेवायचा, हे तिथे ठरत असे. माझ्या शेजारी थर्माकोलचा किल्ला होता. पंखा लावला की त्याचा बुरूज उडायचा, पण ऐट काही जायची नाही.

मला घडवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांचा थोरला भाऊ मासेमार. एकदा तो मला पाहायला आला आणि त्याने माझ्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. इथे पाण्याखाली गवताचे कुरण आहे, म्हणाला. मासळीची पिल्ले त्यातच वाढतात, कासवे तिथेच चरतात. ताईंनी आईची विरलेली हिरवी शाल आणली, तिचे धागे बारीक कातरले आणि त्या कोपऱ्यात चिकटवले. भावाने त्यावरून हात फिरवला. शाल त्याने ओळखली असावी.

मग ताईंनी टाचण्या रोवून लाल दोरा ओढला. दोऱ्याच्या आतले पाणी राखीव होणार होते.

“दादा, हे झालं की तुमची जाळीही तिथं पडायची नाहीत बरं.”

“नकोत. पण मग गाळ उपसणारी बोटही नको. धक्का बांधणाऱ्यांचा डोळा आहे त्या कोपऱ्यावर.”

“मी आहे ना इथं,” ताई म्हणाल्या.

एवढ्या शब्दावर त्याने साऱ्या वस्तीची समजूत घातली आणि लोकांनी तिथली जाळी आधीच उचलली. घरात मासळी कमी येऊ लागली तशी वहिनी त्याला सुनवायची, की नणंदेच्या लाकडी समुद्रातले मासे आता तव्यावर टाकू का. तो हे ताईंना हसत सांगायचा. ताई हसायच्या नाहीत.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. शाळेतली मुले यायची आणि हिरव्या कोपऱ्याला हळूच हात लावून बघायची. पाहुणे आले की साहेब पट्टीने माझी बेटे दाखवायचे. मग कौतुक ओसरले. खोल समुद्रावर छपाईचे यंत्र बसले, बेटांवर कपबशा जमल्या.

ताई लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर असताना कचेरी वरच्या मजल्यावर हलली. मी नव्या दालनाच्या दारात अडकलो. मला उभा केला, आडवा केला, तिरपा केला. हमालांनी माझ्या खानदानाचा उद्धार केला. शेवटी साहेबांनी विचारले, “त्या कोपऱ्यात आहे काय?”

“पाणीच आहे, साहेब,” कुणीतरी म्हणाले.

“मग कापा.”

सुतारकाकांनी करवत चालवली. हिरवा तुकडा पाण्याच्या डगमगणाऱ्या पिंपाखाली गेला. दोरा तुटला होता. तो कापलेल्या कडेने पुन्हा नीट ताणून बसवला.

पुढे तपासणीत शेरा आला, की कागदावरच्या नकाशातली हद्द आणि प्रतिकृतीतली, म्हणजे माझ्यावरची, हद्द जुळत नाही. मला वाढवणे जिकिरीचे होते. नकाशा आखडता घेणे सोपे होते. मित्रांनो, कुणाच्याही मनात पाप नव्हते, आणि हेच मला अजून सोसत नाही. सगळे माझ्याभोवती उभे राहिले, मला पाहून त्यांनी माना डोलावल्या आणि हद्द कायमची ठरली.

ताई परतल्या आणि माझी कापलेली कड पाहून थेट साहेबांकडे गेल्या. साहेब हळहळले. त्यांनी ताईंना पाणी मागवून दिले, तेही त्याच पिंपातले. फेरतपासणीत बघू, म्हणाले. तोवर खऱ्या समुद्रातल्या त्या कोपऱ्यात गाळ उपसणारी बोट येऊन उभी राहिली होती.

भाऊ आला. त्याने माझ्या किनाऱ्यावरून हाताचे बोट फिरवत आणले. कडेपाशी ते हवेत घसरले.

“इथं होतं ना गं?”

ताईंनी पिंपाखालचा तुकडा काढला. धागे भिजून कुजले होते. त्याने तो माझ्या कडेला लावून पाहिला. बरोबर बसला.

“पाणी काळं पडलंय तिथं,” तो म्हणाला. “वस्तीतले विचारतात, जाळी कशाला उचलायला लावलीस. मी काय सांगू?”

 तुकडा तिथेच ठेवून तो गेला. त्यानंतर तो पुन्हा आला नाही, आणि ताईंनी कुठलाही समुद्र केला नाही.

आता मी जिन्याखाली भिंतीला टेकून आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझ्यात जपण्यासारखे होते ते गेले. एवढेच सांगतो. गेल्या महिन्यात साहेबांचे नवे लांब टेबल आले. तेही त्या दारात अडकले. सुतारकाका आले, त्यांनी चौकट काढली, दार रुंद केले. एका दुपारचे काम.

मित्रांनो, उद्या तुमच्या हातात करवत येईल. तेव्हा आधी दाराकडे बघा.