बहर संपला की येते

श्वेझूने सुईच्या टोकावर मधमाशीची शेवटची अळी उचलली, पट्टीवरच्या इवल्या वाटीच्या तळाशी अलगद सोडली आणि मगच मान वर केली. अंगात लग्नाला जायचा नवा जांभळा कोट होता, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"अगं, आज कशाला भरल्यास?" गनशुई दारातून म्हणाला. "यूनछिनच्या लग्नाला मोकळं राहायचं म्हणून तीन दिवसांपूर्वी मुद्दाम पट्ट्या रिकाम्या ठेवल्यास. आणि गाडीला अर्धा तास उरलाय, तर लागलीस परत?"

"हात रिकामे राहवेनात हो."

बायकोचा हात त्याला ठाऊक होता.

पोर दुसऱ्या घरी ठेवली, तीही या हातापायीच. बावीस वर्षांपूर्वी यूनछिन नऊ महिन्यांची होती. तेव्हाच्या माश्या मोहरीच्या फुलोऱ्यात राणीचं अन्न, म्हणजे रॉयल जेली, थोडंफार द्यायच्या आणि फुलोरा सरला की पाठ फिरवायच्या. त्या हिशेबाने श्वेझूने पोर दीड तासावरच्या गावी नणंदेच्या मांडीवर ठेवली. आलानला मूलबाळ नव्हतं.

"बहर संपला की येते, वन्सं," ती म्हणाली होती.

त्याच वसंतात गनशुईने नव्या माश्या आणल्या. जेली जास्त देणाऱ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या. तरण्या दाई माश्यांच्या डोक्यातल्या ग्रंथी भरून वाहायच्या. आधी जिथे वीस-तीस वाट्या भरायच्या, तिथे या शंभरावर भरून द्यायच्या. राणी खाली जाळीआड, आणि वर कुठल्याही पेटीतली अळी ठेवा, या पाजणार. कुणाची म्हणून विचारायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र चिमट्याने अळी काढून जेली खरवडून घ्यावीच लागते. उशीर झाला तर अळीच ती खाऊन टाकते. लगेच त्या वाटीत नवी अळी, की पुन्हा तिसरा दिवस.

बहर संपला. माश्या थांबल्या नाहीत. मेल्यांनी शरद उलटेपर्यंत उसंत दिली नाही, आणि खरं सांगायचं तर श्वेझूनेही मागितली नाही. थंडीत ती आणायला गेली, तेव्हा पोर आलानच्या गळ्याला मिठी मारून काळीनिळी होईस्तोवर रडली. पुढच्या थंडीत बोलायला लागली होती. आलानला आई म्हणायची. हिला मामी. पोर तिथेच राहिली.

लग्नघरी माणसं मावत नव्हती. आलानने श्वेझूला स्वयंपाकघराच्या मागे ओढलं.

"सांगितलं मी तिला," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. मागच्या वर्षीच. माझ्याच्याने राहवेना बाई."

श्वेझूच्या हातातली बशी कलंडली, भोपळ्याच्या बिया फरशीवर सांडल्या. खरी आई कोण, ते मागच्या वर्षापासून पोरीला माहीत होतं. नववर्षाला येऊन तिने, "मामी, तब्येत कशी आहे?" असंच विचारलं होतं.

निघण्याआधी नवरीने वडीलधाऱ्यांना चहा द्यायचा होता. पहिला पेला आलानला. "आई, चहा घे." आलान भरल्या डोळ्यांनी प्यायली. मग यूनछिन श्वेझूसमोर आली, दोन्ही हातांनी पेला धरून. श्वेझूचा जीव कानांत गोळा झाला होता. एकदा, एकदाच म्हण बाई.

"मामी, चहा घ्या."

श्वेझूने घेतला. चहा गोड होता, तळाशी लाल बोरं होती. यूनछिन मात्र पुढे सरकली नाही. खाली वाकून हळूच म्हणाली, "तिसऱ्या दिवशी मी माहेरी येणार. आधी तुमच्याकडे यावं म्हणते. आम्ही दोघं. चालेल?"

आणि श्वेझूच्या तोंडून, बावीस वर्षं जे निघत होतं तेच निघालं.

"तिसऱ्या दिवशी जेली काढायची असते गं. सकाळीच भरून आलेय."

यूनछिनने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेच्या फाटकाशी वाट पाहून घरी परतणारी मुलं बघतात, तसं.

"हो, नाही का," ती म्हणाली. "बरं मामी." आणि पुढचा पेला उचलून शेजारच्या काकांकडे वळली.

घरी येताच, कोट न काढता, श्वेझूने पेट्या उघडल्या आणि भरलेल्या पट्ट्या एकेक करून बाहेर काढल्या. सकाळच्या अळ्यांभोवती जेलीचा थेंब थेंब जमलाही होता. तिने सगळं नळाखाली धुऊन टाकलं. गनशुई बघत उभा राहिला. त्याने अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने अंगण झाडलं. जावयाला द्यायची साखरपाण्यातली अंडी केली. दोन वाडगे, प्रत्येकात तीन. दारात स्टूल टाकून बसली. पुलावरून दोन गाड्या गेल्या, एक भाजीचा टेम्पो गेला. अंडी निवली. तिने ती पुन्हा गरम केली.

"फोन तरी कर," गनशुई म्हणाला. "म्हणावं, आज मोकळी आहे मी. या."

दुपारी तिने आलानच्या घरी फोन लावला. पलीकडे हसण्याचे, वाडग्यांचे आवाज येत होते. फोन यूनछिननेच उचलला.

"कोण बोलतंय?"

श्वेझूने तोंड उघडलं. सकाळपासून घोकलेला एक शब्द होता.

"मामी," निघाला मात्र दुसराच.

"हं, मामी. आम्ही जेवायलाच बसलोय." मग यूनछिनने विचारलं, "झाली जेली काढून?"

समोर धुतलेल्या पट्ट्या उन्हात वाळत होत्या.

"झाली," श्वेझू म्हणाली. "खूप निघाली. जेव तू."